हार्लेममधलं घड्याळजींचं घर

माझे वडील कराडला घड्याळं दुरुस्त करायचे. पेठेतला चार फुटांचा गाळा, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ एका छोट्या पाकिटात, वर गिऱ्हाइकाचं नाव. आकाशवाणीवर बातम्यांच्या आधीचे ठोके वाजले की ते भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जुळवायचे. त्या वेळी दुकानात कोणी बोलायचं नाही.

म्हणून अ‍ॅमस्टेलवेनला राहणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, इथून जवळ हार्लेमला एका घड्याळजीचं घर आहे, युद्धात त्यांनी ज्यू लोकांना लपवलं होतं, तुला बघायचंय का?" तेव्हा ट्युलिपच्या बागा मागे पडल्या. आधी ते घर, मग बाकीचं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी चार दिवस फिरलो.

पहिला दिवस : अ‍ॅमस्टरडॅम

विमानाचा शीण होता, पण दुपारी झोपले असते तर रात्रभर टक्क जागी राहिले असते. लेकीनं सरळ ट्राममध्ये बसवलं आणि जुन्या ज्यू वस्तीत नेलं. हार्लेमच्या आधी हे बघ, म्हणाली, म्हणजे ते लोक कशापासून लपत होते ते कळेल.

वेस्परस्ट्राटवर २०२१ साली एक स्मारक उघडलं. वास्तुकार डॅनियल लिबेस्किंड. विटांच्या उंच भिंती, त्यांच्यामधून वाट, आणि प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि मृत्यूच्या वेळचं वय. १,०२,००० हून अधिक विटा आहेत. बहुतेक ज्यू, आणि काही सिंती व रोमा या भटक्या समाजांतले. युद्धाआधी नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू राहत होते, त्यांतले चारांतले तीन मारले गेले. पश्चिम युरोपात इतकं मोठं प्रमाण दुसऱ्या कुठल्या देशात नाही. कोण ज्यू, कोण कुठे राहतो याच्या नोंदवह्या चोख होत्या, देश सपाट, लपायला डोंगर नाहीत की जंगल नाही. लपायचं तर कोणाच्या तरी घरातच.

मी वयं वाचत गेले. ६१, ३४, ८, २. दोन वर्षांच्या विटेपाशी थांबले आणि पुढं वाचवेना.

तिथून पाच-सात मिनिटांवर एका धिप्पाड गोदी कामगाराचा पुतळा आहे, हात थोडे उघडलेले, छाती पुढे. फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मनांनी ज्यू तरुणांना पकडून नेलं, तेव्हा इथले ट्रामवाले, गोदी कामगार, पालिकेचे सफाई कामगार संपावर गेले. दोन दिवसांत संप मोडून काढला. पुतळा घडवणारा मारी आंद्रीसन हार्लेमचाच. ते वाचून उगाच वाटलं की वाट बरोबर चालली आहे.

दुसरा दिवस : हार्लेम

अ‍ॅमस्टरडॅमहून हार्लेमला आगगाडीनं पंधरा-वीस मिनिटं लागतात. स्टेशन जुनं आणि फार देखणं आहे, लाकडी खोल्या, रंगीत फरशा. तिथून सरळ दक्षिणेला चालत गेलं की दहा मिनिटांत बार्टेलयोरिसस्ट्राट. आता ती कपड्यांच्या आणि बुटांच्या दुकानांची अरुंद गल्ली झाली आहे, वाहनं नाहीत. १९ नंबरचं घर कोपऱ्यावर. खाली अजूनही घड्याळांचं आणि दागिन्यांचं दुकान आहे. संग्रहालयाचं दार बाजूच्या बोळात. जायचं असेल तर जागा ऑनलाइन आधी राखून ठेवा, कारण एका वेळी थोड्याच लोकांना आत घेतात. तिकीट नाही, जाताना दानपेटीत काय टाकायचं ते टाका.

विलेम टेन बोम यांनी इथे १८३७ मध्ये घड्याळांचं दुकान काढलं. त्यांचा मुलगा कास्पर, जन्म १८५९, पुढे त्याच दुकानात बसू लागला. कास्परची मुलगी कॉरी १९२२ मध्ये नेदरलँड्समधली पहिली परवानाधारक स्त्री घड्याळजी झाली. घराला ते 'बेये' म्हणत, गल्लीच्या नावातल्या बी आणि जे या दोन अक्षरांवरून.

आम्हाला घर दाखवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, स्वयंसेवक. त्यांनी वरच्या दिवाणखान्यात गोल करून बसवलं आणि तासभर कुठलाही कागद न बघता सांगितलं. घर म्हणजे खरं तर दोन घरं, पुढचं आणि मागचं, नंतर जोडलेली. त्यामुळे मजले एका पातळीत नाहीत. अरुंद नागमोडी जिना, चार पायऱ्या चढून एक खोली, तीन उतरून दुसरी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत वाटण्या झाल्यावर भिंती आणि पायऱ्या जशा कुठेही उगवतात, तसं. पण इथे त्या वाकड्या बांधणीचाच पुढे उपयोग झाला. बाहेरून बघणाऱ्याला आतला हिशेब लागत नाही.

जेवणाच्या खोलीत मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. कास्पर आणि त्यांची पत्नी, चार मुलं, शिवाय तीन मावश्या याच घरात राहत. मावश्या गेल्या, मुलं मोठी झाली, तर यांनी दुसऱ्यांची पोरं सांभाळायला घेतली. कॉरी मुलींचे क्लब चालवायची, मतिमंद मुलांसाठी रविवारची प्रार्थना घ्यायची. कास्पर गल्लीत 'हार्लेमचे आजोबा' म्हणून ओळखले जात. दर आठवड्याला ते आगगाडीनं अ‍ॅमस्टरडॅमच्या नौदल वेधशाळेत जाऊन अचूक वेळ घेऊन येत आणि दुकानातली घड्याळं त्यावर लावत, हे कॉरीनं आपल्या आठवणींत लिहिलंय. ते ऐकताना मला आकाशवाणीचे ठोके आठवले. बाबांची दुकानातली ती शांतता आठवली.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं. दोन वर्षांनी, १९४२ च्या मे महिन्यात, एक ज्यू बाई हातात पेटी घेऊन याच दारात उभी राहिली. नवऱ्याला अटक झालेली, मुलगा लपलेला. कास्परनी तिला आत घेतलं. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. त्यांनी कोणाशी सल्लामसलत केली नाही, किती दिवस राहणार विचारलं नाही. ज्यांनी आयुष्यभर जेवायच्या वेळी दारात आलेल्याला पान मांडलं, त्यांना त्या संध्याकाळी वेगळं काही करायचं सुचलंच नसतं. मला त्या घरातलं हेच सगळ्यात मोठं वाटलं. धाडस नंतर आलं. आधी चाळीस वर्षांची सवय होती.

टेन बोम मंडळी कट्टर श्रद्धाळू ख्रिस्ती, डच सुधारित पंथाची. ज्यू म्हणजे देवाची प्राचीन प्रजा, असं ते मानत. १८४४ मध्ये विलेमनी याच घरात दर आठवड्याला यहुदी लोकांसाठी प्रार्थना सुरू केली होती. बरोबर शंभर वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४४ ला, याच घरावर धाड पडली. आमच्या बाईंनी हे दोन आकडे एकापाठोपाठ सांगितले आणि त्या क्षणभर गप्प राहिल्या.

एक बाई आली, मग दुसरी आली, मग रांगच लागली. सगळ्यांना घरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून गावोगावी घरं शोधायची. पण लपलेल्याला जेवायला लागतं, आणि धान्य मिळायचं शिधापत्रिकेवर, ज्यूंना शिधापत्रिका नाही. कॉरीच्या प्रार्थनेला येणाऱ्या एका मतिमंद मुलीचे वडील रेशन कचेरीत होते. कॉरी रात्री त्यांच्या घरी गेली. किती हव्यात, असं त्यांनी विचारल्यावर पाच म्हणायला गेलेल्या कॉरीच्या तोंडून शंभर हा आकडा निघाला, आणि त्यांनी शंभर मिळवून दिल्या. टेन बोम कुटुंब आणि त्यांच्या साथीदारांनी मिळून सुमारे ८०० जणांचे प्राण वाचवले, असं संग्रहालय सांगतं.

फोनवर उघड बोलायची सोय नव्हती. पण दुकान घड्याळांचं होतं. माणूस म्हणजे घड्याळ. दुरुस्तीला एक घड्याळ आलंय, तबकडी जुनी आहे, ठेवून घेणारं गिऱ्हाईक मिळत नाहीये, म्हणजे एक म्हातारा माणूस आहे, चेहऱ्यानं ओळखू येणारा, जागा द्यायला कोणी तयार नाही. मला बाबांच्या पाकिटांची रांग दिसायला लागली. प्रत्येक पाकिटावर एक नाव.

बोळाकडच्या खिडकीत 'अल्पिना' घड्याळांची लाकडी पाटी असायची. पाटी दिसली की या, नसली तर पुढे चालत राहा.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, घराच्या अगदी मागच्या टोकाला, कॉरीची झोपायची खोली. लहानशी. जर्मनांविरुद्ध छुपेपणानं लढणाऱ्या प्रतिकार गटातल्या एका वास्तुकारानं हीच खोली निवडली, कारण पोलिसांना वरपर्यंत यायला जितका उशीर लागेल तितकं बरं. खोलीच्या मूळ भिंतीच्या पुढे विटांची दुसरी भिंत उभी केली. मधे साधारण अडीच फूट जागा. विटा आणि हत्यारं कोणी वह्यांच्या पिशव्यांतून, कोणी घड्याळाच्या पेटीतून आणली. लाकडाची भिंत ठोकली की पोकळ वाजते, विटांची वाजत नाही. रंग मुद्दाम जुनाट, पाणी मुरल्यासारखा. भिंतीला लागून चादरींचं कपाट, त्याच्या सगळ्यात खालच्या फळीमागे सरकतं दार. पोटावर सरपटत आत जायचं आणि मागे फळी ओढून घ्यायची.

घंटा बसवली होती आणि वारंवार सराव चालायचा. जेवताना, रात्री-अपरात्री घंटा वाजली की सगळ्यांनी वर पळायचं. ताटं उचलायची, ज्यांनी खाल्लं त्यांच्या खुर्च्या सरकवून जागा भरायची, राखदाणीतली राख, रद्दीत टाकलेला कागद, काही मागे राहता कामा नये. झोपेतून उठल्यास गादी उलटी करायची, कारण अंगाची ऊब लागलेली गादी हाताला कळते. मिनिट-सव्वा मिनिटात सगळे आत जायला लागले. गादीच्या त्या तपशिलापाशी माझ्या लेकीनं माझा दंड घट्ट धरला.

लपलेले लोक नुसते भेदरून बसलेले नसत. संध्याकाळी याच दिवाणखान्यात संगीत व्हायचं, कोणी हिब्रू शिकवायचं, कोणी नाटक वाचायचं. त्यांतले मेयर मोसेल सिनेगॉगमधले प्रार्थनागायक. त्यांचा आवाज घुमता होता, आणि त्यांना खालच्या आवाजात प्रार्थना म्हणायची सवय लावावी लागली.

धाड आली ती फितुरीतून. सकाळी एक डच माणूस आला, बायकोला ज्यू लपवल्याबद्दल पकडलंय, लाच द्यायला ६०० गिल्डर हवेत, म्हणाला. कॉरी तापानं फणफणून अंथरुणात होती, तरी उठून खाली आली आणि पैशांची सोय केली. तो खबऱ्या होता. दुपारी पोलीस शिरले. घंटा वाजली, आणि सहा जण कॉरीच्या खोलीतून, तिच्याच समोरून सरपटत कपाटात गेले. कॉरीच्या बहिणीनं, बेट्सीनं, खिडकीतली पाटी खाली पाडली, पण पोलिसांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती पुन्हा जागेवर ठेवली. मग दिवसभर जो जो दार वाजवेल तो पकडला गेला. तीसच्या आसपास माणसं.

भिंती ठोकून, फळ्या उचकटून बघितलं, जागा सापडली नाही. घराबाहेर पहारा बसवला, उपाशी ठेवून बाहेर काढू म्हणून. आतले सहा जण, चार ज्यू आणि प्रतिकार गटातले दोघे, जवळपास ४७ तास उभे-बसे त्या फटीत होते. पाणी संपलेलं. शेवटी पहाऱ्यावर आलेल्या पोलिसांपैकी आतून सामील असलेल्यांनीच त्यांना बाहेर काढून दुसरीकडे पोचवलं. त्या चार ज्यूंपैकी तिघं युद्धानंतर जिवंत होती. मोसेल त्यांतले एक.

लोकांना आतली जागा दिसावी म्हणून आता त्या भिंतीला मोठं भगदाड पाडलं आहे. मी आत पाऊल टाकलं. पाठ एका भिंतीला टेकली तेव्हा दुसरी भिंत नाकासमोर होती. बाहेर गल्लीत कोणीतरी सायकलची घंटा वाजवली आणि ती इतकी स्पष्ट आत आली की मी दचकले. म्हणजे त्यांनाही खालचं सगळं ऐकू येत असणार. बुटांचे आवाज, प्रश्न, थपडा.

बाहेर आल्यावर ग्रोटे मार्क्टच्या चौकात बसलो. समोर सेंट बावोचं प्रचंड देऊळ. आतला ऑर्गन १७३८ चा, दहा वर्षांचा मोत्झार्ट येऊन तो वाजवून गेला होता. आत जाऊन बघितलं, सुंदर आहे, पण त्या दिवशी डोळ्यांत काही शिरत नव्हतं.

तिसरा दिवस : ओव्हरवेनचे वाळूचे डोंगर

हार्लेमहून समुद्राकडे जाणाऱ्या गाडीत पुढचंच स्टेशन ओव्हरवेन. तिथून भाड्याच्या सायकलींवर निघालो. मी कराडला शाळेत सायकलनं जायची, पाय विसरले नव्हते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या टेकड्या, वर खुरटं गवत आणि काटेरी झुडपं. वारा खारट.

इथे जर्मनांनी प्रतिकारातल्या लोकांना आणून गोळ्या घातल्या आणि वाळूतच पुरलं. मुक्ततेनंतर उकरलं तेव्हा ४५ खड्ड्यांत ४२२ देह मिळाले. ४२१ पुरुष आणि एक स्त्री. ती हार्लेमचीच, हानी स्खाफ्त. कायद्याची विद्यार्थिनी, केस तांबडे, म्हणून पोलिसांच्या यादीत 'तांबड्या केसांची मुलगी'. १९४३ मध्ये विद्यार्थ्यांना जर्मनांशी निष्ठेच्या पत्रावर सही करायला लावली, तिनं केली नाही आणि शिक्षण सोडलं. मैत्रिणींना खोटी ओळखपत्रं मिळवून देण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी पिस्तूल हातात घेतलं. २१ मार्च १९४५ ला हार्लेममध्ये नाक्यावर पकडली गेली. १७ एप्रिलला मारली. ५ मेला देश मुक्त झाला. अठरा दिवसांचा फरक. चोविसाव्या वर्षी.

स्मशानात सगळे दगड सारखे, आडवे, वाळूच्या रंगाचे. ३७२ जण इथे आहेत. तिच्या दगडावर कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती, तिच्या स्मृतिदिनाला तेव्हा दोनच दिवस झाले होते.

जवळच ब्लूमेंडाल. कॉरीनं १९४५ मध्ये तिथे छावण्यांमधून परतलेल्यांसाठी घर उघडलं. आणि बार्टेलयोरिसस्ट्राटचं आपलं घर तिनं, ज्यांनी जर्मनांना साथ दिली होती अशा बेघर झालेल्या डच लोकांना राहायला दिलं. ही गोष्ट पचायला मला वेळ लागला. अजूनही पूर्ण पचलेली नाही. लेक म्हणाली, "आई, मी नसतं दिलं." मीही नसतं दिलं. सायकली परत करेपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.

चौथा दिवस : स्खेवेनिंगेन

हार्लेमहून हेगला जाताना लायडेनपर्यंत ट्युलिपची शेतं लागतात. लाल, पिवळे, जांभळे पट्टे, गाडीच्या खिडकीतून दहा-पंधरा मिनिटं नुसते पळत असतात. गाडीतला एक वयस्कर माणूस लेकीशी डचमध्ये बोलत होता. त्याच्या आईनं १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हे कंद शिजवून खाल्ले होते. त्या हिवाळ्यात २०,००० हून अधिक माणसं भुकेनं गेली. मी शेतांचे फोटो काढत होते, तो फोन पिशवीत ठेवला.

हेगच्या टोकाला स्खेवेनिंगेनचा तुरुंग आहे. प्रतिकारातले इतके लोक इथे आत होते की राजघराण्याच्या नारिंगी रंगावरून लोक याला 'ऑरांये हॉटेल' म्हणायला लागले. २५,००० हून अधिक कैदी इथून गेले. २०१९ पासून एका भागात स्मृतिसंग्रहालय आहे. टेन बोम कुटुंबाला हार्लेमहून इथेच आणलं.

कास्परना अधिकाऱ्यानं वय बघून विचारलं होतं की घरी जाऊन गप्प बसाल का. ते म्हणाले, आज घरी गेलो तर उद्या दार वाजवणाऱ्या कोणालाही पुन्हा दार उघडीन. त्यांना आत टाकलं. ९ मार्च १९४४ ला, अटकेनंतर दहाव्या दिवशी, इस्पितळात ते गेले. ८४ वर्षांचे. घरच्यांना पत्ता नव्हता.

मृत्युदंडाच्या कैद्यांच्या कोठड्यांपैकी ६०१ नंबरची होती तशी ठेवली आहे. भिंतीवर नखांनी, चमच्यांनी कोरलेली नावं, तारखा, प्रार्थना. मी दारातच उभी राहिले, आत पाय टाकवला नाही.

कॉरी या तुरुंगात महिनोन्‌महिने एकटीच्या कोठडीत होती. ५२ वा वाढदिवस, १५ एप्रिल, तिथेच. बाहेर काय झालं, वडील कुठे, बेट्सी कुठे, कपाटातल्या सहा जणांचं काय झालं, काही कळायला मार्ग नाही. मग बहीण नॉलीकडून पुडकं आलं. वरचा पत्ता तिरका, तिकिटाकडे झुकलेला. नॉलीचं अक्षर तर सरळ. कॉरीनं तिकीट पाण्यानं ओलं करून सोडवलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, तुझ्या कपाटातली सगळी घड्याळं सुखरूप आहेत.

पुढे कॉरी आणि बेट्सीला फुख्तच्या छावणीत आणि सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या रावेन्सब्रुकला नेलं. १६ डिसेंबर १९४४ ला बेट्सी तिथे गेली. कॉरी काही दिवसांनी सुटली, कारकुनाच्या चुकीमुळे, असं तिला नंतर कळलं. भाऊ विलेम तुरुंगात जडलेल्या क्षयानं १९४६ मध्ये गेला, त्याचा मुलगा किक छावणीतून परतलाच नाही. कॉरी ९१ वर्षं जगली, साठहून अधिक देश फिरली, आणि १९८३ मध्ये आपल्या वाढदिवशीच गेली. बार्टेलयोरिसस्ट्राटचं घर १९८८ मध्ये संग्रहालय झालं.

पण मला त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. तिकिटामागची चिठ्ठी वाचून कॉरीचा जीव भांड्यात पडला असेल. त्यानंतर थोड्याच दिवसांत नॉलीचं दुसरं पत्र आलं, वडील गेल्याचं. कॉरीनं कोठडीच्या भिंतीवर, जिथे ती तारखा कोरून ठेवायची, तिथे ९ मार्च १९४४ ही तारीख कोरली, आणि पुढे लिहिलं : बाबा सुटले.